भाऊजींनी तीनदा बसवलेला डेस्कटॉप

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौथ्या वर्षी ताप डोळ्यांवर गेला आणि तेव्हापासून त्यांना दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगितलं की लोक हळहळत बसतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. हळहळावं असं त्यांच्यात काही नाही. माणूस हट्टी आहे, चोखंदळ आहे, दूध उतू जाणार हे माझ्याआधी त्यांना वासावरून कळतं आणि ठिपके टोचलेल्या पत्त्यांनी खेळताना ते सर्रास लबाडी करतात. चौतीस वर्षं मी त्यांच्याकडून हरतेय.

नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर. सात मजल्यांची कचेरी, तीनशेवर टेबलांचे फोन, आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत कानाला यंत्र लावून बसलेले भाऊजी. कुठला नंबर कुणाचा हे त्यांना वही न उघडता ठाऊक. वही उघडूनही काय होणार होतं म्हणा. नुसत्या 'हॅलो'वरून ते माणूस ओळखत, आणि साहेब आज घरून भांडून आलेत की नाही हेही ओळखत. पण ते कधी कुणाला सांगत नसत. बोर्डावरच्या माणसाने ऐकलेलं पोटात ठेवायचं असतं, असं ते म्हणतात, आणि त्यांचं पोट बऱ्यापैकी मोठं आहे.

ताई त्याच कचेरीत चौथ्या मजल्यावर होती. तिथे शिपायांचे आणि ड्रायव्हरांचे गणवेश शिवायचा विभाग होता. फोन नंबर दोनशे चौदा. दोऱ्याची रिळं आली नाहीत, बटणं कमी आली, कापड आटलं, अशा एकेका गोष्टीसाठी ती दिवसातून दहादा बोर्डावरून बाहेर फोन लावून घ्यायची, आणि लागेपर्यंतच्या वेळात बोर्डावरच्या माणसालाच सगळी हकीकत सांगून टाकायची. ती बोलायला लागली की मधे श्वास घ्यायची नाही. भाऊजींनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. आधी मनात, मग फोनवर, मग पत्रिकेवर छापायचंच काय ते बाकी राहिलं.

लग्नाला माझा विरोध होता. मी चौदा वर्षांची होते आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ते दिलं. कारण डोळ्यांचं नव्हतं. घरात सारखी बोलणारी एकुलती एक व्यक्ती हा माणूस घेऊन चालला होता, याचा मला राग होता.

पुढे त्यांच्या घरी जायला लागले तेव्हा कळलं, की ते बोलणं तिथे नुसती बडबड नव्हतं. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला, खिडकीशी ताईचं शिलाई मशीन. ती पायाने मशीन चालवायची आणि तोंडाने भाऊजींना सगळं दाखवत राहायची. समोरच्या गच्चीवर पिवळी चादर वाळत घातलीय, आज तिला कुणी पिळलेलीच नाही. तो उंच माणूस पुन्हा चुकीच्या दारात उभा आहे. आभाळ भरलंय, पण पडणार नाही, नुसतं तोंड वाकडं केलंय. भाऊजी मधेच विचारायचे, "उंच म्हणजे केवढा?" ती म्हणायची, "तुमच्या कपाटाला टेकेल एवढा." एकदा माझ्या नव्या फ्रॉकबद्दल त्यांनी इतकं बारीक कौतुक केलं, की मी घाबरून ताईकडे बघितलं. त्यांना दिसतं असंच मला क्षणभर वाटलं होतं.

मग कचेरीत आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि बोर्ड निघाला. भाऊजींना नोंदींच्या खोलीत टाकलं आणि अंध कर्मचाऱ्यांच्या वर्गाला पाठवलं. तिथे ते लिनक्स शिकून आले. मी भूगोलाची शिक्षिका, मला यातलं फारसं कळत नाही. जे कळलं ते असं, की आपल्याला कॉम्प्युटर म्हणजे चित्रं, खिडक्या आणि इकडेतिकडे पळणारा बाण वाटतो, तो खरा कॉम्प्युटर नव्हेच. त्याच्या खाली एक काळा पडदा असतो. त्यावर फक्त अक्षरं. तुम्ही हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, आणि त्याने मुकाट्याने ऐकायचं. बाण नाही, चित्र नाही, त्यामुळे बघायचंही काही नाही. एक आवाज ओळीमागून ओळ वाचून दाखवतो. भाऊजींना हे इतकं मानवलं, की निवृत्त होताना त्यांनी घरी तसाच कॉम्प्युटर घेतला आणि पडदा घेतलाच नाही. एक डबा, एक कीबोर्ड, एक स्पीकर.

त्यातला आवाज सर्दी झालेल्या पुरुषाचा होता आणि भयंकर भरभर बोलायचा. ताई त्याला 'माझी सवत' म्हणायची. "पुरुषाच्या आवाजातली सवत माझ्याच नशिबी यायची होती," असं आल्यागेल्याला ऐकवायची. आणि भाऊजींचे हुकूम सुरू व्हायचे ते 'सुडो' या शब्दाने. मी अर्थ विचारला. म्हणाले, "हे मी मालक म्हणून सांगतोय, असा त्याचा अर्थ." मी म्हटलं, "बरं झालं, या घरात तेवढी तरी एक जागा तुम्हाला मिळाली." ताई मशीन थांबवून हसली होती. तेव्हा तिला ऐकू येत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचे कान जायला लागले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा, मग माणसं. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते घातलं की घरातली सगळी भांडी एकदम जमिनीवर पडल्यासारखी वाटतात, असं म्हणून तिने ते सुयांच्या डब्यात ठेवून दिलं. याहून जास्त काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊजींना राग येतो तेव्हा ते जास्तच हळू बोलतात, आणि आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. आता ते घसा फाटेस्तोवर ओरडायला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर येऊन "सगळं ठीक आहे ना?" असं विचारून गेल्या.

फोनवर बोललेलं अक्षरांत उतरतं, तेही आम्ही करून पाहिलं. ताई चष्मा शोधेपर्यंत फोनचा पडदा विझायचा. चष्मा सापडून पडदा पुन्हा लावला, तर त्यावर भाऊजींच्या वाक्याऐवजी रस्त्यावरच्या भाजीवाल्याचं वाक्य उतरलेलं असायचं. तिने तो नाद सोडला.

खरं वाईट पुढेच होतं. ताईने बोलणंच सोडलं. लोक एक विचारायचे, ती भलतंच उत्तर द्यायची, लोक हसायचे. एका लग्नात असं झालं, आणि तिने कानाला खडा लावला. त्या दिवसापासून कुणी काही म्हटलं की ती नुसती हसून मान हलवायची. माझ्या लक्षात आलं होतं. मी काय केलं? काही नाही. मीही तिच्याशी कमी बोलायला लागले, कारण ओरडून दमायला व्हायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

एका संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. आवाज अगदी खाली होता, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी समजून चुकले. "धाकटे," ते म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारतात. "घर गप्प झालंय गं. ती खोलीत आहे की नाही हे मला मशीनच्या आवाजावरून ओळखावं लागतं. मशीन बंद असलं की मी घरात एकटा असतो." मग लगेच त्यांचा सूर बदलला. "पण मी तोड काढलीय. तू फक्त एक जुना पडदा मिळवून दे. मोठा. घासाघीस कर, तुला जमते."

तोड सोपी होती. त्यांनी बोलायचं ते टाइप करायचं, पडद्यावर ते हातभर मोठ्या अक्षरांत उमटायचं, ताईने वाचायचं आणि तोंडाने उत्तर द्यायचं. तोंड तर शाबूत होतं. टाइप करण्यात भाऊजींचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. बोलतात त्याहून भरभर लिहितात. शाळेने मोडीत काढलेला एक पडदा मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून मिळवला आणि रिक्षातून नेऊन जोडून दिला. भाऊजींनी मराठीत एक ओळ टाइप केली. पडद्यावर नुसते चौकोन उमटले. रिकामे, एकसारखे, ओळीने.

"काय आलंय?" त्यांनी विचारलं.

"खोकी," मी म्हटलं. "रिकामी."

अंध मंडळींचा एक गट आहे, एकमेकांना ईमेल करणारा. तिथे विचारल्यावर उलगडा झाला. काळ्या पडद्याला इंग्रजी अक्षरं एकापुढे एक उभी करता येतात, पण आपल्या वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं त्याला झेपत नाहीत. मराठी नीट दिसायला हवी, तर चित्रांचं जग हवं. म्हणजेच डेस्कटॉप. खिडक्या, बाण, सगळा तो पसारा, जो टाळून भाऊजी इतकी वर्षं सुखात होते.

"बसवतो," भाऊजी म्हणाले. "काळ्या पडद्यावरूनच बसवता येतो. मला नाही दिसला तरी तिला दिसेल ना." मी कुणातरी जाणत्याला बोलावू का म्हटलं, तर त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. आवाज खाली जायच्या आत मी विषय बदलला. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांनी ताईला ओरडून सांगितलं. ताईने मान हलवली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. नवऱ्याने निवृत्तीनंतर विरंगुळ्याला पडदा आणलाय, असं समजून ती पुन्हा शिवायला बसली.

पुढचे तीन दिवस मी तिथे नव्हते. जे झालं ते मला मागाहून दोघांकडून कळलं, आणि दोघांच्या हकिकती जुळवल्या तेव्हा कुठे ते नीट कळलं.

गुरुवारी सकाळी भाऊजी बसले. सुडो म्हणून त्यांनी हुकूम दिला, की मेट नावाचा डेस्कटॉप आण. हा लहान आहे, जुन्या यंत्रावर धावतो आणि अंधांना सोयीचा आहे. सोबत देवनागरी अक्षरांचे संच आणायलाही सांगितलं. यंत्राने उलट विचारलं, नऊशेच्या वर वस्तू आणाव्या लागतील, आणू का? भाऊजींनी हो म्हटलं. मग सवत एकेक वस्तूचं नाव वाचत सुटली. दुसरा कुणी असता तर आवाज बंद करून जेवून आला असता. भाऊजी नऊशे नावं शेवटपर्यंत ऐकत बसले. पलीकडचा माणूस बोलतोय तोवर फोन ठेवायचा नाही, ही बोर्डाची सवय. दुपारी सगळं आलं, बसलं. यंत्र चालू झालं की काळा पडदा न दाखवता डेस्कटॉपच दाखव, असा शेवटचा हुकूम त्यांनी दिला आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

इथे एक अडचण होती, ती त्यांना आधीपासून माहीत होती. चित्रांच्या जगात शिरायच्या दारात एक चौकट येते. तिथे नाव आणि पासवर्ड द्यायचा. काळ्या पडद्यावरचा आवाज त्या दारात बोलत नाही, आणि आतला आवाज आत गेल्यावरच सुरू करता येतो. म्हणजे दार आलं की नाही हे सांगायला एका डोळस माणसाचा एक शब्द हवा होता. तेवढ्यासाठी त्यांनी ताईला पडद्यासमोर आणून बसवलं.

यंत्र सुरू झालं. सवत गप्प झाली.

"आलं का?" भाऊजींनी विचारलं.

ताईने मान हलवली.

"आलं का गं?" ते ओरडले.

ताईने पुन्हा मान हलवली, आणि हसली.

भाऊजींना काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी अंदाजाने पासवर्ड मारून पाहिला, एंटर दाबला, वाट पाहिली. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. बसवण्यात कुठेतरी चूक झाली, असं ठरवून ते तीन बटणं दाबून काळ्या पडद्यावर परत आले, तिथे सवत होतीच, आणि नऊशे वस्तू त्यांनी मुळापासून उपटून काढल्या. शुक्रवारी सगळं नव्याने आणलं. नऊशे नावं पुन्हा ऐकली. ताईला समोर बसवलं. आलं का? मान. पासवर्ड. शांतता. उपटून काढलं. शनिवारी तिसऱ्यांदा बसवलं, आणि तीच गत झाली. आता हात टेकले.

रविवारी सकाळी मला फोन. "धाकटे, डोळे घेऊन ये."

मी गेले तेव्हा ते बनियनवर, दाढी वाढलेली, कीबोर्डसमोर बसले होते. ताई खिडकीशी उशीचे अभ्रे शिवत होती. मला पाहून हसली, पाणी आणलं, एक शब्द बोलली नाही. भाऊजी म्हणाले, "तिसरं अजून काढलेलं नाही. काढायच्या आधी एकदा तू बघ. घोळ कुठे होतोय तेवढं सांग." त्यांनी यंत्र बंद केलं, चालू केलं. काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर गेल्या, आणि पडदा हिरवागार झाला. मधोमध एक चौकट उभी राहिली, वर कोपऱ्यात वेळ.

"आलं की," मी म्हटलं.

"काय आलं?"

"तुमचं दार. हिरव्यावर राखाडी चौकट आहे, वर वेळ दिसतेय, दहा वाजून चार मिनिटं."

"नीट बघ."

"भाऊजी, मी नकाशे शिकवते. भिंत कुठली आणि दार कुठलं एवढं मला कळतं."

कीबोर्डवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले. "मग गुरुवारी?" असं ते म्हणाले, पण मला नव्हे.

मी ताईचं मशीन थांबवलं, तिच्या खडूने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे हिरवं गुरुवारी आलं होतं का?' तिने वाचलं आणि मान हलवली. शुक्रवारी? मान. शनिवारी? मान.

"मान हलवतेय," मी भाऊजींना सांगितलं. "तिन्ही दिवस आलं होतं म्हणतेय."

"मान?" भाऊजी म्हणाले. "मला मानेने सांगत होती?"

बत्तीस वर्षं या बाईने या माणसाला घरातला कपसुद्धा तोंडाने दाखवला होता. तिच्यात एवढा बदल झालाय हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण कळणार कसं? ती उत्तर देत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. उत्तर देते आणि ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मला मात्र ताईचा संताप आला. मी पुठ्ठ्याच्या मागे लिहिलं, 'मग सांगितलं का नाहीस?' तेव्हा तिने मला हाताला धरून मशीनजवळ ओढलं आणि कानात बोलायला लागली. तिला वाटत होतं की ती कुजबुजतेय. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ते कुजबुजणं जिन्यापर्यंत जात होतं.

"काय सांगू? रोज मला समोर बसवायचे आणि त्या चौकटीत माझं नाव लिहायचे."

"कुठलं नाव?" मी ओठ हलवून विचारलं.

"भिंगरी." तिचे कान लाल झाले. एकसष्ट वर्षांची बाई, गळ्यात मापाची टेप. "इंग्रजी अक्षरांत. भिंगरी दोनशे चौदा. लिहायचे, पुसलं जायचं, पुन्हा लिहायचे. तिन्ही दिवस. किती वर्षांत त्या नावाने हाक नाही मारली. एवढा खटाटोप त्यासाठी केला असेल, म्हणून मी आपली हसले. बाई माणूस काय बोलणार?"

मी भाऊजींकडे बघितलं. ते सगळं ऐकत होते आणि त्यांचा रंग ताईपेक्षा गडद झाला होता.

"तो पासवर्ड आहे," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले.

त्या चौकटीत आधी नाव द्यायचं असतं, मग पासवर्ड. भाऊजींना वाटलं नाव आपोआप घेतलं असेल. त्यांनी पहिल्या रकान्यातच पासवर्ड मारला. पासवर्डाच्या रकान्यात नुसते ठिपके उमटतात, नावाच्या रकान्यात अक्षरं उघडी दिसतात. एकतीस वर्षं लोकांची गुपितं पोटात ठेवणाऱ्या माणसाने स्वतःचं एकुलतं एक गुपित तीन दिवस हातभर पडद्यावर बायकोला दाखवलं होतं. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. तो पासवर्ड होता हे मी ताईला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. भाऊजींना म्हटलं, आता उघडा पडलाय, बदलून टाका. ते "बघू" म्हणाले. अजून बदललेला नाही.

मग त्यांनी दाढी खाजवली, खुर्ची पुढे घेतली आणि मी सांगेन तसं केलं. आधी नाव, मग पासवर्ड. दार उघडलं. आतला आवाज त्यांनी तीन बटणांनी सुरू केला. हा जरा बऱ्या तब्येतीचा निघाला. लिहायची खिडकी उघडली, अक्षरं मोठी केली, मी "आणखी, आणखी" म्हणत राहिले, एका ओळीत तीनच शब्द मावतील इतकी. मी ताईला आणून त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. भाऊजींनी टाइप केलं आणि या वेळी खोकी उमटली नाहीत. वेलांट्या जागच्या जागी, जोडाक्षरं सुबक, अक्षर माझ्या फळ्यावरच्या अक्षरापेक्षा चांगलं.

'मी काय बोलतो ते आता इथे वाच. आणि तोंडाने उत्तर देत जा. तुझी मान मला ऐकू येत नाही.'

ताईने चष्मा काढला. चष्म्याची गरजच नव्हती. तिने ते एकदा वाचलं, ओठ हलवत पुन्हा वाचलं. मान हलणार होती, ती मधेच थांबली.

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?" ती म्हणाली.

भाऊजींची बोटं थांबली.

"दोन वर्षं तुम्ही हळू बोलताय. दिवसेंदिवस जास्तच हळू. रागावलात की तुम्ही तसंच बोलता. मला वाटलं, माझ्या बडबडीला कंटाळलात. मग मीच गप्प राहायला लागले. म्हटलं, नको असेल त्यांना."

मी तिची सख्खी बहीण. दर रविवारी तिच्या हातचं जेवून जाणारी. हे मला माहीत नव्हतं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडले, आणि रडायचा आवाज होऊ दिला नाही. निदान मला तसं वाटलं, पण भाऊजींनी खिशातला रुमाल काढून माझ्या दिशेने धरला.

मग त्यांनी टाइप केलं. 'अगं, मी ओरडत होतो. खालच्या बाई वर विचारायला आल्या होत्या.'

ताईने वाचलं. आधी तिला ते खरंच वाटेना. तिने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन भाऊजी कसे ओरडायचे ते करून दाखवलं. तशी ती हसायला लागली, मोठ्याने, नव्या गणवेशांच्या ढिगाऱ्यामागून चौथ्या मजल्यावर हसत असेल तशी. भाऊजी मान तिरकी करून ऐकत बसले. त्यांना घाई नव्हती.

"एवढं ओरडून सांगत तरी काय होतात?" तिने डोळे पुसत विचारलं.

आणि भाऊजी सांगायला लागले. मला वाटलं होतं आता काहीतरी मोठं येईल, म्हणून दोघांना एकटं सोडायला मी चपला घालत होते. तसं काही आलं नाही. मोरीतला नळ गळतोय. कपाटाचं डावं दार नीट लावत जा, मला लागतं. माझी निळी बंडी कुठे ठेवलीस? तू परवा झोपेत हसलीस, कशाला? गेल्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी एक लांबलचक भाषण केलं होतं, ते तू भाजी निवडत ऐकलंस. दोन वर्षांचं साचलेलं एकेका ओळीने पडद्यावर चढत होतं, आणि ताई प्रत्येक ओळीला उत्तर देत होती. नळाला वायसर हवाय. बंडी उसवलीय, शिवायला घेतलीय. भाषण पुन्हा करा.

'मंगळवारची आमटी फार खारट झाली होती,' भाऊजींनी लिहिलं.

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत!" ताई कडाडली.

"सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले, आणि मग लक्षात येऊन तेवढंच टाइप करायला लागले.